थोरलीचा करुण रस

रसाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही अर्धवट. पण फळ हातात घेऊन सालीवरून अंगठा फिरवला की ते गोड निघणार की नुसतंच दिसायला देखणं, हे मी न कापता सांगते. माणसांचंही सांगते, पण ते ऐकायला कोणाला आवडत नाही.

बाजाराच्या तोंडाशी आमचं रसाचं दुकान आहे. आत शिरलं की डाव्या हाताला लाकडी ओटा, आणि ओट्यावर थोरली. थोरली म्हणजे रस काढायचं हातयंत्र. ओतीव लोखंडाचं, बाजूला माझ्या हाताएवढा लांब दांडा. वाटीत अर्धं फळ पालथं घालायचं, दांडा ओढायचा, वरचा लोखंडी गोळा खाली येतो आणि रस थेट ग्लासात. आमच्या ह्यांनी ती लग्नाच्या आधी घेतलेली. लग्न होऊन आले तेव्हा हे मला घर दाखवायच्या आधी दुकान दाखवायला घेऊन गेले आणि थोरलीवर हात ठेवून म्हणाले, "ही आधीपासून आहे. तुलाच जमवून घ्यावं लागेल." तेव्हापासून सगळा बाजार तिला माझी थोरली सवत म्हणायचा. मीही म्हणायला लागले. सवतीशी माणूस भांडतो तरी, हिच्याशी भांडायचीही सोय नव्हती. दांडा खाली आला की ती "कुईंऽऽ" करून स्वतःच तक्रार करायची. कितीदा म्हटलं, तेल घाला. हे म्हणायचे, "अगं, तिचा आवाज हीच आपल्या दुकानाची पाटी."

आणि खरंच होतं ते. मधल्या सुट्टीत शाळेची पोरं त्या आवाजावर धावत यायची. काचेचे ग्लास असायचे, जाड बुडाचे. ते विसळायचं काम माझं. पाण्याच्या बादलीत हात घालून घालून माझी बोटं मनुकांसारखी व्हायची. आणि गिऱ्हाईक एक ग्लास पिऊन कधी गेलं नाही. पहिला ग्लास घटाघटा, मग जरा दम खाऊन दुसरा पुढे. हे म्हणायचे, "पहिला ग्लास त्याच्या तहानेचा. दुसरा आपला." दुसरा ग्लास भरताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते मला दोन मुलं झाली तेव्हाही दिसलं नव्हतं.

हे गेल्यावर दुकान चिरंजिवांकडे आलं. चिरंजीव म्हणजे माझा थोरला. त्याला दुकानात सगळं चकचकीत लागतं. एके दिवशी दुपारी तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि थोरलीकडे न बघता म्हणाला, "आई, विजेचं यंत्र सांगितलंय. सोमवारी येतंय. बटण दाबलं की काम झालं."

"आणि हिला कुठे ठेवणार?"

"भंगारवाल्याशी बोललोय."

मी काही ओरडले नाही. मी ओरडले की त्याला बरं वाटतं, संपलं एकदाचं म्हणून. मी शांतपणे एक संत्रं सोलायला घेतलं. तो अस्वस्थ झाला.

"आई, उगाच तोंड पाडून बसू नकोस. हिच्या रसाला आता दुसरा ग्लास कोण मागतं? सांग ना. बाबांच्या वेळची गोष्ट वेगळी होती."

"तुझ्या वेळची गोष्ट अशी आहे, की तू गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाहीस. फोनकडे बघतोस. दुसरा ग्लास तो फोनला मागणार का?"

तेवढ्यात माझी नात शाळेतून आली. चिरंजिवांचीच मुलगी. अभ्यासात हुशार, पण चार माणसांपुढे उभी केली की तिच्या घशाला कुलूप लागतं. दप्तर ओट्याखाली सरकवत ती म्हणाली, "आजी, शनिवारी शाळेत रसग्रहण आहे. माझं पण आहे. घरच्या सगळ्यांनी यायचंय."

रसग्रहण. शब्द भारदस्त होता, पण मला काही परका वाटला नाही. रस म्हणजे रस, ग्रहण म्हणजे घेणं. शाळेत शनिवारी रस पिण्याचा कार्यक्रम आहे, आणि ज्या घरात रसाचं दुकान आहे त्या घरच्यांना बोलावलंय. यात न कळण्यासारखं काय होतं? मी चिरंजिवांकडे बघितलं.

"शनिवारी शाळेत थोरलीचा रस पाजते सगळ्यांना. मग बोल."

तो हसला. "पाज. एकाने, फक्त एकाने जरी आपणहून दुसरा ग्लास घेतला ना, तर मी त्या यंत्राचं नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

"बापाच्या दुकानात उभा राहून दिलायस. लक्षात ठेव."

कोणतीही गोष्ट अर्धवट कानाने ऐकून कामाला लागायची माझी रीत नाही. मी त्याच संध्याकाळी नातीच्या बाईंना फोन केला. भाषा शिकवणाऱ्या बाई. आवाज मधाळ, पण घाईत असल्यासारख्या बोलतात.

"बाई, शनिवारच्या रसग्रहणाबद्दल विचारायचं होतं."

"अहो आजी, किती छान वाटलं. घरच्यांनी एवढा रस घेतला की मुलांना हुरूप येतो."

"घेणार की. सगळ्यांनी घेतला पाहिजे."

"तेच तर मी म्हणते. हल्ली पालक रसच घेत नाहीत."

"कसे घेत नाहीत ते बघतेच मी. बरं, रस कोणता ठेवलाय?"

"या वेळी फक्त करुण."

मी मनातल्या मनात फळं मोजली. संत्रं, अननस, डाळिंब, द्राक्ष, लिंबू, पेरू, कलिंगड. सगळा जन्म फळांत गेला, पण करुण हे नाव कधी कानावरून गेलं नव्हतं. आता बाईंना विचारायचं, तर बाजारात आमच्या दुकानाची अब्रू काय राहिली?

"करुण," मी म्हटलं. "बरोबर. या दिवसांत करुणच बरा."

"मागच्या वर्षी वीररस ठेवला होता, पण मुलं फार किंचाळली हो."

"झेपला नसेल त्यांना."

"नाही ना. करुणाचं तसं नाही. तो नीट उतरला की डोळ्यांत टचकन पाणी येतं."

म्हणजे आंबट आहे तर. मी मनात नोंद केली. "उतरण्याची काळजी तुम्ही करू नका बाई. आमच्या थोरलीकडून शेवटच्या थेंबापर्यंत उतरतो."

"थोरली पण येणार आहे का? वा. आणा ना तिलाही."

"तिला आणायला चार माणसं लागतील, पण आणते."

"अगंबाई. तब्येत बरी नसते का तिची?"

"वय झालं बाई. दांडा कुरकुरतो. बाकी ठणठणीत."

मग बाई म्हणाल्या, "जपून आणा हं," आणि फोन ठेवला.

घरी मी सगळ्यांना एवढंच सांगितलं, की शाळेने आपल्याकडून रस मागवलाय, करुणाचा. भाजी चिरता चिरता सूनबाईने मान वर केली. "आई, करुण म्हणजे ते..."

"माहीत आहे मला करुण म्हणजे काय."

"नाही, पण रसग्रहण म्हणजे..."

"सूनबाई, तू लग्न करून आलीस तेव्हा तुला अननसाचे डोळे काढता येत नव्हते. मी शिकवलं. आता तू मला रस शिकवू नकोस."

ती गप्प बसली. तिचा हा गुण मला नेहमीच आवडत आलाय. त्या आठवड्यात मात्र तो महागात पडला.

दुसऱ्या दिवशी मी घाऊक बाजारात गेले. आमचा फळवाला तिथे पेट्यांच्या डोंगरावर राजासारखा बसतो. त्याच्या बापाकडून आमचे हे माल घ्यायचे.

"करुण आहे?" मी विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. हा माणूस 'नाही' हा शब्द शिकलेलाच नाही. "कोणता देऊ मावशी? देशी की बाहेरचा?"

"तुझ्याकडे दोन्ही आहेत?"

"देशी कालच संपला. बाहेरचा आहे. पण तो सगळ्यांना सोसत नाही, म्हणून पुढे मांडत नाही."

"डोळ्यांत पाणी आणतो का?"

"मावशी," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "माणूस आईची आठवण काढतो."

तो मागच्या अंधारात गेला आणि पेट्या ओढत बाहेर घेऊन आला. आत हिरवट, सुरकुतलेली, लिंबाच्या भावकीतली फळं होती. किती दिवस पडून होती देव जाणे. एक कापून त्याने फोड माझ्यापुढे धरली. "चाखून बघा."

आता इथे मी चाखलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मला करुण चाखवतोस? तुझा बाप मला विचारून माल उचलायचा." आणि मी सगळ्या पेट्या उचलल्या.

पुढची अडचण थोरलीला हलवायची. ती जिथे बसवली होती तिथून कधी हललीच नव्हती. बोल्ट गंजून लाकडात रुतलेले. ते काढायची हत्यारं गावात एकाच माणसाकडे, भंगारवाल्याकडे. ढकलगाडीही त्याच्याचकडे. म्हणजे जो तिला न्यायला टपलेला, त्यालाच हात जोडायचे. तो आला. बोल्ट सोडवताना थोरलीच्या अंगावर बोटाने टकटक करून आवाज ऐकत होता, जसा डॉक्टर छाती तपासतो.

"भरीव आहे मावशी," तो म्हणाला. "आता असला माल निघत नाही."

"अजून ती निघालेली नाहीये. नीट धर."

थोरली उचलल्यावर ओट्याचं लाकूड उघडं पडलं. भोवतालचं सगळं काळपट, आणि मधला तेवढाच चौकोन नवाकोरा पिवळा. ह्यांनी ओटा घातला त्या दिवशीचा रंग. मी पटकन त्यावर फडकं टाकलं.

शाळेच्या सभागृहात थोरलीला मागच्या दाराशी टेबलावर बसवलं. मी काचेचे ग्लास आणले होते, तेच जाड बुडाचे, जुन्या कापडात गुंडाळून. मुख्याध्यापिका बाई लगबगीने आल्या. "आजी, सगळ्यांसाठी रस? केवढं मोठं मन तुमचं." त्यांच्या मागून भाषेच्या बाई आल्या आणि थोरलीकडे बघतच राहिल्या.

"हे काय आजी?"

"थोरली."

बाई काही बोलायच्या आत मुख्याध्यापिकांनी त्यांना पुढे बोलावलं. जाता जाता त्या तीनदा मागे वळून बघत होत्या.

मी शेवटच्या रांगेत बसले. माझं शाळेत येणं म्हणजे नातीला दारातून घ्यायचं, एवढंच. आत बसून किती वर्षं झाली होती. खडूचा तोच वास, लाकडी खुर्चीचा तोच खुटखुट आवाज, खिडकीतून तीच उन्हाची पट्टी जमिनीवर. आमच्या वर्गातही अशी पट्टी यायची. ती माझ्या पाटीपर्यंत आली की सुट्टी व्हायची. धाकटी भावंडं सांभाळायला मला घरी ठेवलं, त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात बसून अंदाज करायची, आता पट्टी पाटीपर्यंत आली असेल.

कार्यक्रम सुरू झाला. एक मुलगा 'मी नदी बोलतेय' म्हणून बोलायला लागला. त्या नदीच्या तक्रारी काही संपेनात. कारखान्याचं पाणी, कचरा, पिशव्या. आमच्याकडची माणसंसुद्धा इतकं बोलत नाहीत. पण खरं सांगायचं तर मान खाली गेली माझी. लहानपणी आम्ही ज्या नदीत पोहायचो, तिच्या पुलावरून जाताना हल्ली मी नाकाला पदर लावते. दुसऱ्या मुलीने प्लास्टिकवर भाषण केलं. ऐकून मी ताठ बसले आणि शेजारणीला सांगितलं, "आमच्याकडे काचच असते. आधीपासून." तिसरा उठला आणि 'वृद्धांचं एकटेपण' म्हणत सरळ माझ्याकडे हात करून बोलायला लागला. एकटी? मला दिवसभरात निवांत पाठ टेकायला मिळत नाही. मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने हात वळवून मुख्याध्यापिकांकडे केला.

मग परीक्षक उठले. निवृत्त प्राध्यापक, पांढरी दाढी, जाड चष्मा. ते म्हणाले, "आता रसग्रहणाला सुरुवात करू या."

मी पदर खोचला आणि उठले.

तिकडे मंचावर माझी नात चढली, इकडे मी पहिलं फळ वाटीत घातलं. मला वाटलं, ही रसाची माहिती सांगणार आणि आपण रस द्यायचा. शाळेची पद्धत, आधी सांगायचं मग खायला द्यायचं. सूनबाई ट्रे घेऊन उभी होती. तिचे डोळे मोठे झाले होते. "आई, ऐका ना," ती कुजबुजली.

"ग्लास पुढे कर."

"अहो आई, हे तसलं..."

"पुढच्या रांगेपासून वाट. पाहुण्यांना आधी."

नातीने कविता वाचायला घेतली. एक मोठं झाड रस्त्यासाठी तोडलंय, आणि संध्याकाळी त्यावर राहणारा पक्षी परत येतो, अशी काहीतरी ती होती. तिचा आवाज पहिल्या ओळीलाच बसला. सभागृह गप्प. त्या शांततेत मी दांडा ओढला. "कुईंऽऽ."

सगळ्या माना मागे वळल्या. मग परत पुढे. कोणाला तरी वाटलं असावं की झाड पडल्याचा आवाज मुद्दाम ठेवलाय, कारण एक आई हलकेच म्हणाली, "किती छान बसवलंय."

ग्लास फिरायला लागले. माणसं सभ्य. मुलगी बोलतेय म्हणून आवाज न करता त्यांनी एकेक घोट घेतला. आणि मग मी जे बघितलं ते मी रसाच्या धंद्यात कधी बघितलेलं नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाचे खांदे वर गेले. त्याच्या बायकोने डोळे घट्ट मिटून घेतले. एकाचा हात छातीवर गेला. मुख्याध्यापिकांच्या गालांवरून धारा लागल्या. रांगेमागून रांग, वारा शेतातून जावा तशी, रडायला लागली.

वरून नातीने हे बघितलं. तिला वाटलं, हे आपल्यामुळे. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसं तिचं ऐकून हलली होती. तिचा घसा मोकळा झाला. ताठ उभी राहून ती म्हणाली, "पक्षी नेहमीच्या उंचीवर येतो आणि नेहमीसारखे पाय पुढे करतो. तिथे फांदी नसते. तो हवेत बसायला जातो. कवी झाडाचं दुःख कुठेच सांगत नाही. फक्त पक्ष्याचे पुढे आलेले पाय दाखवतो."

दांडा माझ्या हातातच राहिला. मला एकदम आमचा ओटा दिसला, मधल्या पिवळ्या चौकोनासकट. सकाळी दुकान उघडल्यावर माझा हात सवयीने डावीकडे जाणार.

"आई, दे इकडे," चिरंजीव कधी शेजारी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याने दांडा घेतला. लहानपणी हा त्याच दांड्याला लोंबकळायचा. हे दांडा ओढायचे आणि हा वर उचलला जायचा, पुन्हा खाली, पुन्हा वर, हसून हसून बेजार. आता त्याने एका हाताने ओढला. "कुईंऽऽ." तो थोरलीकडे बघत होता. फोनकडे नाही.

नातीचं संपलं. टाळ्या पडल्या, पण जरा ओल्या पडल्या, कारण अर्ध्या लोकांच्या हातात रुमाल होते. परीक्षक उठले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. बोलायला तोंड उघडलं, बंद केलं. शेवटी कसाबसा आवाज काढला.

"मी आयुष्यभर करुण रस शिकवला. एवढा परिणाम..." त्यांना ठसका लागला. "ह्या... ह्या ग्लासात काय आहे?"

"करुणच," मी मागून सांगितलं. "बाहेरचा. देशी संपला."

भाषेच्या बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. परीक्षक माझ्याकडे बघत राहिले, मग ग्लासाकडे, मग थोरलीकडे. आणि खुर्चीत बसून हसायला लागले, इतके, की आता ते कशाने रडतायत तेही कळेना.

बाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात समजावलं. रसग्रहण म्हणजे कवितेत काय चांगलं आहे ते उलगडून सांगणं. करुण म्हणजे फळ नव्हे, दुःखाचा भाव.

"मग तसं सरळ सांगायचं ना," मी म्हटलं. "वीर काय, करुण काय. शाळेने आमच्या धंद्यातले शब्द कशाला वापरावेत?" पण कान तापले होते माझे. मी कानांवरून पदर घेतला.

नात मंचावरून उतरून धावत आली. "आजी, खरं सांग. लोक माझ्यामुळे रडले की तुझ्यामुळे?"

"अर्धे अर्धे," मी म्हटलं. "पण मागच्या दोन रांगांना ग्लास पोचलेच नव्हते. तिथे जी रडली ती सगळी तुझी."

ती वळून मागच्या रांगा मोजायला गेली. मी इकडे दुसरं मोजत होते. दुसरा ग्लास. रसाचा जग भरून, ट्रेसकट मी रांगांमधून निघाले. "घ्या ना अजून." लोक खुर्चीखाली ग्लास लपवायला लागले. एका काकांनी आपला ग्लास खिडकीतल्या कुंडीत ओतला होता. कुंडी बिचारी बोलू शकत नव्हती. एका बाईने माझे दोन्ही हात धरून सांगितलं, "आजी, फार मनाला लागला. पुन्हा सहन नाही व्हायचा." मुख्याध्यापिका मला येताना बघून दुसऱ्या दाराने निघून गेल्या.

थोरलीजवळ परत आले तर भंगारवाल्याने दोर काढला होता. पहिला फेरा दांड्याला घालून झाला होता. "मावशी, गाडी लावू का इथूनच? परत दुकानात नेऊन सोमवारी पुन्हा आणायची, म्हणजे दोनदा कष्ट."

शब्द मीच घेतला होता. मी फडक्याने थोरलीची वाटी पुसायला घेतली. नीट, कडेकडेने, ह्यांनी पुसली असती तशी.

तेवढ्यात चिरंजीव आला. मघाशी मी बळेच त्याला एक ग्लास प्यायला लावला होता, त्यानंतर तो बाहेर गेला होता. तोंड लाल, डोळे लाल. सरळ टेबलाशी आला, पुढचा भरलेला ग्लास उचलला आणि मान मागे टाकून एका दमात संपवला.

दुसरा ग्लास. आपणहून.

माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. "बाळा," मी म्हटलं. किती वर्षांनी म्हटलं असेल.

त्याला बोलता येईना. गळा धरून तो उभा होता, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. भंगारवाल्याकडे बघून त्याने जोरजोरात हात हलवला. काढ, काढ, असा.

"बघतोस काय," मी भंगारवाल्याला म्हटलं. "मालक सांगतायत. सोड तो दोर."

त्याने दोर सोडला. थोरली त्याच्याच गाडीवरून दुकानात परत आली, आपल्या पिवळ्या चौकोनावर बसली, आणि सोमवारी विजेचं यंत्र दारातूनच माघारी गेलं. चिरंजीव त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. मी मात्र बाजारभर सांगितलं. बापाची आठवण आली हो पोराला, त्या दांड्याला हात लागला आणि विरघळला, आईच्या शब्दासाठी विष समजूनही प्यायला.

परवा सूनबाईने मला सांगितलं. भाजी चिरता चिरता, मान वर न करता. या वेळी मी तिला बोलू दिलं, तीच चूक झाली. पहिल्या ग्लासाने त्याच्या घशाला आग लागली होती म्हणे. बाहेरच्या नळाला पाणी नव्हतं. धावत आत आला आणि टेबलावरचा ग्लास पाण्याचा समजून उचलला. आणि भंगारवाल्याकडे हात हलवत होता तो त्याच्या पाण्याच्या बाटलीसाठी.

मी चिरंजिवांना अजून विचारलेलं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल. तेवढं वळण मीच लावलंय त्याला.